चाळीसपैकी नऊ

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.
संकल्प: रोज दहा निबंध तपासायचे. अक्षरन् अक्षर वाचून. विषय माझाच, शोकांतिकेतला राजा आणि त्याचा दोष. सव्वीस वर्षं शिकवतोय. यंदा मुख्य परीक्षक मीच होणार, हे स्टाफरूममधला पंखासुद्धा सांगेल. विभागप्रमुख बाईंनी (माझ्याहून आठ वर्षांनी लहान. असो.) पत्र द्यायचं तेवढं बाकी.

११.३०. तीन झाले. किळस आली. काय ती अक्षरं! झुरळ शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखी. हात धुऊन आलो. चहा.

मंगळवार, ४ मार्च.
सतरा नंबर. बारा पानं! पहिल्याच ओळीत म्हणते, राजाचा दोष गर्व नव्हे. अगं, वर्षभर घसा फोडून गर्व, गर्व सांगतोय तो काय भिंतींना? हिचं म्हणणं, राजा कुणाचं बोलणं पुरं होऊ देत नाही, हाच त्याचा दोष. दूताचं अर्धंच ऐकतो आणि पोटच्या पोराला सुळावर चढवतो. राजाला दुसरे उद्योग नसतात की काय?

दुसऱ्या पानाच्या तळाशी शिसारी आली. अनुभवी माणसाला पुढचं वाचावं लागत नाही, कळतं. चाळीसपैकी नऊ. शेरा: ‘शेवट विस्कळीत.’

बायकोने विचारलं, अहो, बारा पानं एवढ्यात झाली? तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ती पुढे काहीतरी सांगत होती, पण मी आंघोळीला गेलो.

गुरुवार, ६ मार्च.
उरलेले बावीस जेवणाआधीच हातावेगळे केले. रोज दहाचा संकल्प मोडला, पण वरच्या बाजूने. उद्या निबंध पोरांना परत.

सोमवार, १० मार्च.
सतरा नंबरने तक्रार ठोकली! म्हणजे ती शेवटच्या बाकावरची, दर तासाला हात वर करणारी. नापास झाली तर वर्ष वाया जातंय म्हणे. मग जाऊ दे की. बाईंनी बुधवारी बैठक ठेवलीय. उत्तम. मुख्य परीक्षक कसा बोलतो ते मंडळींना आधीच दिसेल.

बुधवार, १२ मार्च. दुपारी.
शी! शी! शी!

वीस मिनिटं रंगून बोललो. शेवट कसा ढिसाळ, निष्कर्ष कसा पोकळ. शेवटच्या परिच्छेदात तर हिचा तोलच सुटलाय, असंही म्हटलं. बाई भराभर लिहून घेत होत्या. मग पोरीने निबंध माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, सर, तिसरं पान उघडता का?

उघडेना. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात डिंकाचा ठिपका. मागच्या सत्रातही नऊच मिळाले होते, म्हणून या खेपेला देतानाच चिकटवून दिला म्हणाली. दिला तसा परत आला.

मी म्हटलं, दमट हवेने चिकटली असतील. बाईंनी विचारलं, तेवढ्याच कोपऱ्यात? मग फूटपट्टी घालून त्यांनी एकेक पान सोडवलं. तो टर्र टर्र आवाज अजून कानात आहे. शेवटचा परिच्छेद त्यांनी मोठ्याने वाचला. दूताचं राहिलेलं वाक्य एवढंच होतं की मुलगा निर्दोष आहे. ते तोंडात घेऊन तो दारातच उभा राहिला. परिच्छेद बरा आहे. शेवटी शिकवलंय कुणी?

पण डिंक! परीक्षकावर पाळत! कुठल्या थराला गेलीत ही पोरं.

शुक्रवार, १४ मार्च.
जेवण जात नाही. बैठकीनंतर पोरगी बाहेर बाकावर डोळे पुसत बसली होती. मला बघून उठून उभी राहिली, नमस्कार केला. पुन्हा शिसारी आली. या खेपेला तिची नव्हे बहुतेक.

पित्त असावं. गोळी घेतली.

सोमवार, १७ मार्च. दुपारी १.
पत्र आलं! ‘आपल्या सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल विभाग आपला ऋणी आहे. आपल्या कामाचा सर्व बाजूंनी विचार करून परीक्षा मंडळाने एकमताने असे ठरवले आहे की’ इथे पान संपलं. पुढचं काय वाचायचं? एकमताने! डिंकाला कोण भीक घालतं!

स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं. सगळ्यांनी एकदम वह्यांत डोकी खुपसली. जळतात मेले. सासऱ्यांना फोन केला. बाईंच्या खोलीत जाऊन म्हटलं, जबाबदारी पेलीन. त्या, अहो सर, पण, असं काहीतरी म्हणायला लागल्या. मी हात वर केला. म्हटलं, काही बोलू नका, सगळं पोचलं. केक घेऊन घरी.

संध्याकाळी ६.
केक मांडला. बायकोने पत्र हातात घेतलं. वाचलं. पान उलटलं. मी म्हटलं, सुरी आण. ती जागची हलली नाही. म्हणाली, अहो, एकदा शेवटपर्यंत ऐका. आणि मोठ्याने वाचलं.

सतरा नंबरला चौतीस. माझ्याकडे यापुढे एकही निबंध तपासायला यायचा नाही.

६.१५.
पत्राचं दुसरं पान चिकटवलेलं नव्हतं. बघितलं मी.