ओढ्याकाठची झाडे कस्तुराबाईच्या नावे

मी, सिंधु शिवमूर्ती बिरादार, वय सहासष्ट, राहणार वडवाडी, तालुका उदगीर, कोणाच्याही दडपणाशिवाय, चहा घेऊन ताज्या डोक्याने हे मृत्युपत्र लिहिते. मी जन्मले तेव्हा गाव बीदर जिल्ह्यात होते, शाळेत गेले तेव्हा उस्मानाबादेत, नोकरीत असताना लातुरात आले. आता उदगीर जिल्हा होणार म्हणतात. झालाच, तर पत्ता त्याप्रमाणे वाचावा.

१. राहते घर व बँकेतील ठेव धाकटा भाऊ वीरभद्र यास. इतका भला माणूस शोधून सापडणार नाही.

२. गमबूट व दुर्बीण त्याच्या मुलीस. कोकणातल्या खाड्यांवर खारफुटी लावण्यात माझी नोकरी सरली. बुटांना अजून त्या चिखलाचा वास येतो, तो धुऊ नये.

३. निवृत्त झाल्यावर ओढ्याकाठी लावलेली करंज, जांभूळ, कडुलिंबाची झाडे, खालच्या जमिनीसह, भावजय कस्तुराबाई हिच्या एकटीच्या नावे. वीरभद्रने रुसू नये. यंदाच्या दुष्काळात कोणी सरपण मागितले की हा म्हणतो, "न्या की, एक फांदी तर हाय." असा काठ उघडा पडला तर पहिल्याच पुरात शेत वाहून जाईल.

कस्तुराबाईचे नि माझे जमत नाही. दर नांगरटीला ती माझा बांध कोरते. "अक्का, समुद्रात झाडं लावून आल्या, आता हितं लावायल्यात. खायचा काय, पाला?" हेही तिचेच बोलणे. पण रोपे लावताना फोटोला सगळे येतात, हे मी नोकरीभर पाहिले. खारफुटी जगली ती जिथे राखणीला एखादी भांडकुदळ बाई होती तिथेच. कस्तुराबाईच्या हद्दीत शेजाऱ्याची कोंबडीसुद्धा शिरत नाही.

४. आमच्या रीतीप्रमाणे मला शेतात पुरावे. त्यासाठी झाड तोडू नये. जागा बांधापासून लांब असावी, नाहीतर पुढच्या नांगरटीला मी वर येईन.

तिसरे कलम आज सकाळी कस्तुराबाईला ओढ्यावर नेऊन वाचून दाखवले. ती काठावर बसली आणि बोटाने एकेक झाड मोजू लागली. मला भरून आले. तोंड लपवायला म्हणून मी दातवणासाठी लिंबाची काडी मोडू लागले, तर ती उठलीच.

"अक्का, ते झाड माझं हाय. हात लावायचं न्हाई."

माझी पूर्ण खात्री पटली आहे. सही करते.

सिंधु शिवमूर्ती बिरादार

साक्षीदार: भीमाशंकर स्वामी, केरबा कांबळे
वडवाडी, २ एप्रिल २०१६