टोळीचा ड्रायव्हर, भाग तिसरा

४ फेब्रुवारी

तिसऱ्या भागाचं चित्रीकरण सुरू. मी अजून जिवंत! पहिल्या भागात टोळीत चौदा जण होतो, आता चार — भाई, वकील, आचारी आणि मी, गाडीचा ड्रायव्हर. दोन चित्रपटांत मिळून अकरा वाक्यं. त्यांतली सहा ‘बरं, भाई’.

दिग्दर्शकबाईंची पद्धत तीच. पूर्ण पटकथा कुणालाच नाही. ज्याला त्याला त्याची पानं, तीही त्याच सकाळी. टोळीत पोलिसांचा एक माणूस आहे. तो कोण, हे आम्हा नटांनाही ठाऊक नाही.

७ फेब्रुवारी

आचारी मेला. सकाळी पान, दुपारी गोळी, संध्याकाळी घरी. जाताना म्हणाला, “सांभाळ रे, आता ड्रायव्हरचाच नंबर.”

मला शेवटपर्यंत टिकायचंय. सहा वर्षं त्या गाडीत बसलोय. शिवाय बाबा मरत नाही, असं लेकीने वर्गभर सांगून ठेवलंय.

८ फेब्रुवारी

पान नाही. म्हणजे आज मेलो नाही.

११ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत तर्कांना ऊत. भाई म्हणतो वकीलच फितूर, वकील म्हणतो भाई. माझ्यावर कुणाचाच संशय नाही! जरा लागलंच.

घरी हिला विचारलं. तिन्ही भागांचा कपडेपट हिच्याकडे. मशीनवरून मानही वर केली नाही. “तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तुला कोण गुप्त पोलीस करणार?”

खरंय. हिच्या वाढदिवसाची भेटसुद्धा मी आदल्या दिवशीच सांगून बसतो.

१५ फेब्रुवारी

वकील गेला. उरलो भाई आणि मी. म्हणजे भाईच पोलीस, आणि उद्या माझा शेवट. हिशेब सरळ आहे.

मग मरायचं तर नीट — स्वयंपाकघरात तालीम केली. ओट्याला धरून घसरलो, फरशीवर पडलो, डोळे उघडे. लेक वाकून म्हणाली, “बाबा, अंगठा हलतोय.” ही तोंड दाबत बाहेर पळाली. बराच वेळ आत आली नाही. पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा जमलं.

१६ फेब्रुवारी

पान नाही. बाईंनी नुसतं कपाट उघडायला सांगितलं, कॅमेरा चालू ठेवून. आत पोलिसाची वर्दी. कॉलरच्या आत कपडेपटाची पिवळी पडलेली चिठ्ठी: ‘भाग पहिला — ड्रायव्हर’.

कंबर तेवढी नुकतीच उसवून सैल केलेली. टाके हिचे.