एक प्रतिसाद वगळून

५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.४०
विभागप्रमुख सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तिसरं कंत्राट आहे, चौथं मिळणार नाही. सत्राअखेरच्या विद्यार्थी सर्वेक्षणात साडेतीन किंवा जास्त आले तर कायम, नाहीतर निरोप. मागच्या सत्रात मला २.३ होते. ते कारण विचारत होते. मी म्हटलं, डेटा अपुरा होता. सत्रातून एकदाच मोजलं तर तेच होणार. ते बराच वेळ पेन उघडबंद करत राहिले.

निर्णय: दर शुक्रवारी स्वतःचा फॉर्म. बारा प्रश्न, १ ते ५. शेवटी सूचनांसाठी मोकळी जागा. नाव गुप्त.

९ ऑगस्ट, शुक्रवार
पहिला फॉर्म. ५८ पैकी २२ प्रतिसाद. सरासरी २.६. सूचना: 'हळू शिकवा', 'जलद शिकवा', 'पंखा'. एकाने सगळीकडे १ देऊन लिहिलंय की मॅडम फळ्याकडे तोंड करून बोलतात, दुसऱ्या पायरीनंतर काही कळत नाही, एक तरी सर्किट शेवटपर्यंत सोडवून दाखवा.

शेवटपर्यंत सोडवणं हे विद्यार्थ्याचं काम. पंख्याची तक्रार नोंदवली.

१२ ऑगस्ट, सोमवार
निकाल वर्गाला आलेखांसह दाखवले. वीस मिनिटं गेली. विद्यार्थ्यांना आपलं ऐकलं जातंय हे दिसायला हवं. उरलेल्या वेळात दोन पायऱ्या झाल्या.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
प्रतिसाद १४. नमुना लहान. उपाय सोपा आहे: फॉर्म भरला की शुक्रवारची हजेरी. हजेरी वेगळ्या शीटमध्ये जाईल, म्हणजे नावं गुप्तच. हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?

३० ऑगस्ट, शुक्रवार
प्रतिसाद ५८. वर्गात ४४ होते. १४ जणांनी शेजाऱ्याकडून लिंक घेतली असणार. उत्साह आहे. सरासरी ३.९!
एक प्रतिसाद सगळीकडे १. मजकूर तोच, फळा आणि सर्किट. सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांपेक्षा लांब, म्हणून आउटलायर, म्हणजे अपवादात्मक नोंद. नियमाप्रमाणे वगळला. आता ३.९५.

६ सप्टेंबर, शुक्रवार
सूचनांमध्ये ३१ वेळा एकच मागणी: लिंक ग्रुपवर टाका. टाकली. त्याखाली १७ जणांची मागणी: हजेरी फक्त शुक्रवारीच का, रोज फॉर्म द्या. बहुमत स्पष्ट नाही, पण कल मान्य केला. आता रोज.

आईचा फोन. मुलं काय म्हणतात, विचारत होती. म्हटलं ४.२. ती म्हणाली, अगं आकडा नको सांगूस, मुलं काय म्हणतात? म्हटलं, तेच तर सांगतेय. मग तिने जेवलीस का विचारलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी १.१५
सरासरी ४.६. वर्गात ११ जण.
लॅबमधले काका म्हणाले, मॅडम, बाकं रिकामी आणि मोबाइल भरलेले, असली शाळा मी पाहिली नव्हती. काकांची तीस वर्षं मीटर दुरुस्त करण्यात गेली. शिकण्याच्या नव्या पद्धती त्यांना कळाव्यात ही अपेक्षा नाही. जे येत नाहीत ते घरी स्वतःच्या वेगाने शिकत असणार. नाहीतर ४.६ कसे देतील?

आउटलायर पुन्हा आहेच. वगळला. इतकं सातत्य इतर कुठे दाखवलं असतं तर पुढे गेला असता.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
सरासरी ४.८. वर्गात ३. त्यांतले दोघं चार्जिंगसाठी आले होते.

७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ११.५५
वर्गात एक. तिसऱ्या बाकावरची मुलगी. पहिल्या दिवसापासून तिथेच बसते. तास संपल्यावर वही घेऊन टेबलापाशी आली. म्हणाली, मॅडम, हे सर्किट एकदा पूर्ण सोडवून दाखवाल का, मी पेपरात अडकणार. मी समजावलं की समोरासमोर दिलेला अभिप्राय भिडेमुळे बिघडतो, फॉर्ममध्ये लिही. ती म्हणाली, लिहिते की. रोज लिहिते.

म्हणजे ती ओळ हिची. आवाज हळू आहे, अक्षर नीटनेटकं. आउटलायर असा दिसेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी ३.३०
विचार केला. पद्धत आत्ता बदलली तर आधीचे आकडे तुलनेसाठी निरुपयोगी होतील. दोन आठवडेच राहिलेत. नियम तोच ठेवते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
सरांचं पत्र. अधिकृत सर्वेक्षण सोमवारी. यंदा ऑनलाइन नाही. ऑफिसचा क्लार्क छापील फॉर्म घेऊन वर्गात येणार, हजर असतील त्यांनीच भरायचे.
ग्रुपवर कळवलं: सोमवारी सर्वांनी प्रत्यक्ष यावं, महत्त्वाचं आहे. सत्तावन्न अंगठे आले. ५७/५८ म्हणजे ९८ टक्के. काळजीचं कारण नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०.०५
क्लार्क साडेदहाला येणार आहे. वर्गात एकच. तिसरं बाक.
ग्रुपवर पुन्हा मेसेज. पुन्हा अंगठे. एकाने लिहिलं, मॅडम, आजच्या हजेरीची लिंक?

१०.१२
तिने वही उघडून ठेवली आहे. तेच सर्किट. अठरा मिनिटं आहेत, सोडवायला बारा पुरतील. पण सर्वेक्षणाच्या आधी शिकवणं म्हणजे प्रतिसादावर प्रभाव टाकणं. खुर्चीत बसून राहिले.

१०.५०
क्लार्कने अठ्ठावन्न फॉर्म आणले होते. एक दिला, बाकीचे काखेत धरून उभा राहिला. मला बाहेर थांबायला सांगितलं. दाराच्या काचेतून दिसलं, तिने हाताचा आडोसा करून भरला. वेळ लावला नाही.
संपलं. ताईला मेसेज केला की बहुतेक घरी येतेय. तिने विचारलं, किती दिवस?

२८ ऑक्टोबर, सोमवार
सरांनी बोलावलं. सरासरी ५.०. सूचनांची जागा कोरी.
मी प्रामाणिकपणे सांगितलं की प्रतिसाद एकच आहे. सर म्हणाले, वरच्या ऑफिसच्या तक्त्यात सरासरीचा रकाना आहे, किती जणांची त्याचा नाही. आणि या जागेसाठी दुसरा अर्जही आलेला नाही. पत्र निकालानंतर मिळेल. वर म्हणाले, पेढे नकोत, मला शुगर आहे.

पद्धत यशस्वी. सुरुवातीला २.६, शेवटी ५.०. यावर पेपर लिहावा.

आईला सांगितलं. ती रडली. मुलांना आवडतेस तर तू, म्हणाली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.२०
निकाल लागला. ५८ पैकी ९ पास. पेपर मीच तपासले होते, तेव्हा फक्त नंबर होते. आज नावांशी जुळवले. तिसऱ्या बाकाला शंभरपैकी १७. सर्किटच्या प्रश्नात तिने दोन पायऱ्या अचूक लिहिल्या आहेत. पुढे पान कोरं.

पावणेपाचला ती स्टाफरूमच्या दारात आली. मी विचारलं, सर्वेक्षणात पाच का दिलेस? म्हणाली, क्लार्कदादा सांगत होते की कमी पडले तर तुम्हाला काढतील. तुम्ही रोज यायचात, मीही रोज यायचे. वाईट वाटलं.
मग विचारलं, विषय पुन्हा घ्यावा लागणार, पुढच्या वर्षी दुसरं कोणी शिकवणार आहे का?
टेबलावर माझं पत्र उघडं होतं. मी सांगितलं, नाही. मी कायम झाले.
तिने पत्राकडे पाहिलं. मग म्हणाली, अभिनंदन, मॅडम.