गारगोटीची धूळ

लष्कर, ग्वाल्हेर
जानेवारी १९५७

प्रिय गोपाळ,

तुझं पत्र पोचलं. देवासची तुझी कचेरी मोडली आणि तुम्हा जुन्या माणसांना घरी बसवलं हे वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. तू लिहिलेल्या दुसऱ्या बातमीकडे मग वळते. इथंही हेच चाललंय. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला आणि इंदरगंजातल्या सरकारी कचेऱ्यांतून कागदांच्या पेट्या ट्रकांवर चढताहेत, काही भोपाळला, काही इंदूरला. संस्थानची फौज मोडली तेव्हाही आपल्या लोकांची अशीच पांगापांग झाली होती. तुझे दाजी तेव्हा चिनी मातीच्या कारखान्यात लागले, राहायला क्वार्टर मिळालं, म्हणून मी देवापुढे साखर ठेवली होती.

त्यांचं काम मी तुला कधी सांगितलं नाही. पांढरी गारगोटी भाजायची आणि चक्कीत घालून तिचं पीठ करायचं. ते भांड्यांच्या मातीत मिसळतात. संध्याकाळी घरी यायचे ते भुवया-पापण्या पांढऱ्या करून. "बाबा म्हातारे झाले!" म्हणून मुलं हसायची. मीही हसायचे.

मग खोकला लागला. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, क्षय आहे. इंजेक्शनं झाली, दूध-अंडी झाली, उतार पडेना. शेवटी सराफ्यात मुकुंदराव बसतात, आपल्या फौजेतले जुने डॉक्टर, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, "काम काय करता?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. छातीचा फोटो त्यांनी उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "वहिनी, हा दगड आहे. श्वासातून आत गेलाय. आता तो निघायचा नाही." मी म्हटलं, तिथं काम करणाऱ्या बाकीच्यांचं काय? तेव्हा त्यांनी नीट समजावलं. दळताना पाणी मारावं, धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा, खोकल्याची वाट न बघता माणसांच्या छात्या तपासाव्यात. मालकानं धूळ आवरली पाहिजे असा कायदाच आहे म्हणे, आणि तक्रार करायची ती कारखाने तपासणाऱ्या साहेबांकडे.

मी त्यांच्या कचेरीत गेले. साहेबांच्या खोलीत रिकामी खुर्ची होती. बाबू म्हणाला, "साहब तो इंदौर चले गए, बहनजी. मध्यभारत ही नहीं रहा, शिकायत किसके नाम लिखूँ?" इंदूरला अर्ज धाडला, तर तिथून कळलं की ग्वाल्हेरचे कागद अजून पोचायचे आहेत. मग पाळी सुटताना मीच फाटकाशी उभी राहू लागले आणि डॉक्टरांचं बोलणं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. शेजारच्या शांताताईंनी ते मनावर घेतलं. त्यांच्या नवऱ्यानं दुसरं खातं मागितलं आणि त्याला कामावरूनच काढलं. आता शांताताई मला पाहून दार लावून घेतात. त्यांना काय म्हणू?

यांना आता आडवं होता येत नाही. उशांना टेकून बसतात, अन् चार शब्द बोलले की धाप लागते. आईला यातलं काही कळवलेलं नाही.

परवा कारखान्याचे मॅनेजर घरी आले होते. यांना म्हणाले, "रघुनाथराव, तुमच्या मेहुण्याला घेतोय. म्हणजे क्वार्टरही तुमच्याकडेच राहील." तूही लिहिलंस की कारखान्यात जागा मिळाली, आता ताईजवळ राहीन. कोणती जागा, ते तुला कुणी सांगितलं नसणार. ती यांची जागा आहे, गोपाळ. त्याच चक्कीवरची. क्वार्टरचा विचार तू करू नकोस. नया बाजारात मी एक खोली पाहून ठेवली आहे. मॅनेजर गेल्यावर यांनी माझा हात धरला आणि श्वास जमवून जमवून म्हणाले, "त्याला... नाही म्हणायला सांग." तेवढ्यासाठी हे पत्र. मॅनेजरांना नकार कळव, आणि मग दोन दिवस यांच्यापाशी येऊन बस. उशीर करू नकोस.

तुझीच,
सुधाताई