सोळा के आणि फणसाचा चीक

११ मार्च ८४, रवि.

पुन्हा कॅसेट लावली. टेपरेकॉर्डर सहा मिनिटं किंचाळला, टीव्हीवर पट्ट्या नाचल्या आणि मग नुसता पांढरा पडदा. विमान नाही ते नाहीच.

८२च्या दिवाळीत हे आले तेव्हा हे काळं कॉम्प्युटरचं मशीन आणलं, वर छोटा टीव्ही. टीव्हीवर विजयदुर्गात मुंग्यांशिवाय काही दिसत नाही, म्हणून मशीन त्याला जोडायचं. विमान चालवायची कॅसेटही आणली. तिच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलंय, सोळा के मेमरी लागेल. मशीनमध्ये आहे एक के. मी ते वाचलं कधी, तर ह्यांनी बहरिन गाठल्यावर! दहावीला गणित शिकवते म्हणे.

तोवर ह्यांनी स्वतः टाइप केलेलं चिमुकलं विमान आहे. एक चांदणी, अडखळत खाली येते, बाजूला उंचीचा आकडा. शून्य झालं की खेळ खलास. खाली जमीनच नाही. एक केमध्ये जमीन मावली नाही, असं हे म्हणाले होते.

तरी रोज एकदा लावते. ह्यांच्या बोटांनी टाइप केलेलं आहे म्हणून.

२५ मार्च, रवि.

ह्यांचं पत्र. सोळा केची मेमरी खारेपाटणच्या सावंतांबरोबर पाठवलीय. मशीनच्या पाठीमागे खुपसायची. पुढे, "मे महिन्यात रजा मिळेल असं नक्की नाही. मेमरी लावल्यावर विमान जलद चालतं का ते घड्याळ लावून कळव. नाही चाललं तर मला येऊन बघावं लागेल."

शेवटचं वाक्य चार वेळा वाचलं. आईंना (सासूबाईंना) पत्र वाचून दाखवताना ते गाळलं. का गाळलं?

ह्यांची पत्रं हल्ली अशीच. मशीन, वायर, व्होल्टेज. विमानतळावर एसी प्लँट सांभाळतात. मागे लिहिलं होतं, रोज डोळ्यांसमोर मुंबईची विमानं सुटतात. मग बसा की एखाद्यात.

८ एप्रिल, रवि.

तळेऱ्याला गाडी बदलून खारेपाटण. सावंत झोपाळ्यावर, नुकतेच बहरिनहून आलेले, गुबगुबीत. वहिनी त्यांच्यावर खेकसत होत्या, "अहो, वायच उठा, पावणी इली हा. दिसभर झोपाळ्यारच बसतलात काय?" ते हसत उठले. मला हेवा वाटला. त्यांच्या येण्याचा नाही, खेकसण्याचा. समोर माणूस असल्याशिवाय खेकसता येत नाही.

मेमरी म्हणजे काळी डबी, दोन-तीन काडेपेट्या चिकटवून करावी तेवढी. सावंतांना विचारलं, ह्यांची तब्येत? "झकास! तो वायच बारीक झालो हा." येताना एसटीत मी डबी मांडीवर धरून बसले.

९ एप्रिल

लागलं! कॅसेट पूर्ण चढली. होकायंत्र, उंची, पेट्रोल, वारा. आणि दूर जमिनीवर धावपट्टी, दोन ओळी ठिपक्यांच्या. म्हणजे जमीन मावली.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात आईंनी पाट्यावर खोबऱ्याचं वाटप वाटायला घेतलं. जमीन हादरली, डबी मागे डुलली, पडदा कोरा. पुन्हा सहा मिनिटं. पुन्हा वाटप. मी ओरडले. आई पदराला हात पुसत आल्या, "माझ्या वाटपान तुझा इमान पडला?"

नुसता श्वास लागला तरी डबी हलते. कागदाची घडी घातली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला. व्यर्थ.

१५ एप्रिल, रवि.

आईंनी इलाज केला. आज फणस फोडला. हाताला आणि विळीला खोबरेल फासून बसल्या. चीक काठीला गुंडाळून माझ्यासमोर धरला. "घे. हेका लाव. आमच्या फुटक्या कळशेक ह्याच लावलेला, धा वर्सां पाणी गळूक नाय."

ह्यांनी बघितलं तर कपाळावर हात मारतील. जिथे डबी मशीनला टेकते तिथे बाहेरून चीक लावला, आतल्या पितळी दातांना लागू न देता. वाळल्यावर डबी हलेना. आईंनी मुद्दाम पाटा दणादणा वापरला. विमान आकाशात तसंच.

२२ एप्रिल, रवि.

घड्याळ लावलं. ह्यांची चांदणी आधी जेवढ्या वेळात खाली येत होती तेवढ्याच वेळात आताही येते. तीनदा मोजलं. वेग तोच. मेमरीने वेग वाढत नाही, जागा वाढते. कॅसेटमधलं मोठं विमानही अडखळतच चालतं, पण त्याला वारा आहे, दिशा आहे, उतरायला ठिकाण आहे. एवढं एक केमध्ये कधी झालं नसतं.

हे सगळं ह्यांना लिहायचं म्हणून बसले. लिहिलं एवढंच, "घड्याळ लावून बघितलं. वेग वाढला नाही."

मुलांना मीच सांगते, विचारलं तेवढंच उत्तर लिहा. यात खोटं काही नाही.

तरी पत्र पेटीत टाकताना आजूबाजूला बघून घेतलं.

६ मे, रवि.

आज उतरवलं!!

तीन आठवडे आपटत होते. कधी पट्टीच्या अलीकडे, कधी पार पुढे. आज वारा डावीकडून होता, आधीच थोडं वळवून घेतलं, वेग कमी, चाकं खाली, आणि टेकलं. पट्टीवर थांबलं. आईंना हाक मारली. त्या चष्मा लावून टीव्हीसमोर वाकल्या.

"उतारला?"

"उतारला, आई."

"मगे माणसां खंय?"

त्या बराच वेळ पडद्यावर माणसं शोधत उभ्या होत्या.

२० मे, रवि.

ह्यांना पत्र पोचून आठवडा तरी झाला असेल. माळा झाडला. ह्यांची लुंगी धुऊन ठेवली. संध्याकाळची गाडी स्टँडवर येते तेव्हा भोंगा घरापर्यंत ऐकू येतो, तेवढा वेळ हातातलं काम पडतं. कोणाला सांगणार? मला ह्यांची फार आठवण येते. दीड वर्ष मी हे कुठेच लिहिलं नाही, पत्रात तर नाहीच. तिथे मी व्होल्टेज लिहिते.

रोज एकदा उतरवते आता. सवय झाली.

२७ मे, रवि.

दुपारी जवळच्या पडेल गावचा एक माणूस दारात. बहरिनहून आलेला, हातात पार्सल. ह्यांचं अक्षर. एक क्षण वाटलं, मागे हेही असतील, गंमत करत असतील. कुंपणाच्या गडग्यापर्यंत जाऊन बघून आले. वेडी.

पार्सलमध्ये दुसरी काळी डबी. चिठ्ठी, "सोळाने भागत नाहीसं दिसतं. चौसष्ट के पाठवतोय. जुनी काढून ही बसव आणि वेग कळव. इकडे उन्हाळ्यात एसीवर माणसं कमी, रजा मागायला तोंड होत नाही. दिवाळीचं बघू."

करायला गेले गणपती, झाला मारुती. चूक माझीच. मी माणूस मागितला, पण मागताना मेमरीबद्दल लिहिलं, मग त्यांनी मेमरी पाठवली. बिचारे तरी काय करणार!

आईंनी विचारलं, "काय धाडल्यान?"

"मेमरी."

"आणि?"

"आणि काय नाय."

मग माझं रडू आवरेना. सगळं सांगितलं, गाळलेल्या वाक्यासकट. त्या रागावतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "तू तेका ये म्हणान लिवलसच नाय मगे." एवढंच. फणसाचे गरे पुढे केले. दोघींनी खाल्ले.

३ जून, रवि.

नवी डबी अजून खोक्यात. जुनी काढायची तर चीक सोडवायला हवा. काय अवघड आहे? खोबरेलाचं बोट फिरवलं की दोन मिनिटांत सुटेल. तेलाची वाटी आणून मशीनशेजारी ठेवली. बोट बुडवलं नाही.

ह्यांना पत्र लिहिलं. या वेळी विचारलं त्याहून जास्त.

"विमान उत्तम चालतं. वेग तेवढाच आहे, पण आता उतरायला जागा आहे, मी रोज उतरवते. मागच्या वेळी हे लिहिलं नाही, कारण चालत नाही म्हटलं तर तुम्ही याल असं वाटलं. तुमची आठवण येते. नवी डबी बसवता येत नाही. जुनी आईंनी फणसाच्या चिकाने चिकटवलीय, ती काही केल्या निघत नाही."

शेवटचं वाक्य धादांत खोटं. आणि ह्यांचं लहानपण याच मागील दारी फणस खाण्यात गेलेलं, चीक कशाने सुटतो ते ह्यांना मी सांगायला हवं असं नाही. वाचल्या वाचल्या कळेल, हे बोलावणं आहे ते.

कळलं तर.

४ जून

शाळा उघडायच्या आधीची साफसफाई म्हणून बाहेर पडले, वाटेत पत्र पेटीत टाकलं. आई दारातच उभ्या होत्या.

"तेलाचा लिवलस?"

"नाय."

"बरा केलस," म्हणाल्या, आणि वाटी उचलून फडताळात ठेवली.