मोरीच्या पुढे

सोमवार, २ डिसेंबर
भांडले! जिमखान्यात, सगळ्यांसमोर. रविवारच्या क्रॉस कंट्रीत मुलांना दहा किलोमीटर आणि आम्हा मुलींना सहा — का? खेळाचे कृष्णकांत सर म्हणतात, "मुलींना झेपत नाही गं." मुलांचा कॅप्टन शैलेश दात काढत होता. मी म्हटलं, झेपतं की नाही ते धावून कळेल, इथे बसून नाही! सर वैतागले. "शनिवारी मुलींनीच हात वर करून ठरवा. पण पहिली येईल ती एकटीच विद्यापीठाच्या संघात."

एकटीच. म्हणजे मीच! दोन वर्षं मीच पहिली येतेय. शुक्री यंदाच कॉलेजात आली, चांगली धावते, पण सहाला माझ्या मागेच असते. तीच सगळ्यात खूश. "तू बोल किशोरी, मी हाय."

बुधवार, ४ डिसेंबर
शुक्रीला घेऊन दहा धावून पाहिले. विचुंब्याच्या रस्त्याला ओढ्यावर मोरी आहे, छोटा पूल. मुली तिला हात लावून परत फिरतात, पुढे फक्त मुलं जातात. आज मीही हात लावला आणि वळलेच! पायांना सवय. शुक्री रस्त्यातच हसत बसली — "दहा पायजेत ना तुला? मंग घरी कुठं चाललीस?"

परतीच्या वाटेवर त्याच मोरीशी ती मला मागे टाकून गेली. धापसुद्धा नाही! मी कॉलेजच्या गेटवर पोचले तेव्हा शुक्रीबाईंच्या चपला घालून झाल्या होत्या.

गुरुवार, ५ डिसेंबर
सहा काही वाईट नाहीत.

शुक्रवार, ६ डिसेंबर
चैन नाही. जेवण जात नाही. आई विचारते, "परीक्षा आहे का?" माझं हे शेवटचं वर्ष. शुक्रीचं पहिलंच, तिला पुढे मिळेल की — असं मनात येतं आणि स्वतःचाच राग येतो.

सरांनी बाजूला घेतलं. "सहाच राहू दे म्हण. तुझंच भलं आहे." शैलेशने बुधवारी पाहिलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. गप्प बसले तर चालेल. कुणी विचारणारही नाही. सोमवारी तोंड आवरलं असतं तर!

शनिवार, ७ डिसेंबर
केला हात वर. जड झाला होता, पण केला. माझा पाहून बाकीच्यांनी एकेक केला. दहा ठरले.

शुक्रीने केलाच नाही! मान खाली घालून नखं बघत बसली. मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला आणि ही सहाच्या बाजूने? तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

रविवार, ८ डिसेंबर
परतताना मोरीशी शुक्री उभी. शर्यत सोडून, माझी वाट बघत! "सहा असते तर संघात तू गेली असतीस. म्हनून नाय केला हात. माझी अजून दोन वर्सं हायत. हो पुढं."

मी ओरडले — "पळ गं बये! पळ!"

पळाली. मी दुसरी आले. रडत, पण धावत.