डाळिंबी शाल

३ जानेवारी, रविवार
नैसर्गिक रंगकामाच्या वर्गात नाव घातलं. एकूण नऊ रविवार. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींवर शिक्के मारले, आता पन्नाशीच्या तोंडावर स्वतःच्या हातांनी काहीतरी करावं म्हणतो. खेड्यातल्या शाळेत शिकलो, झाडापाल्यात वाढलो. बाकीच्यांना जे वहीत लिहून घ्यावं लागेल ते माझ्या हातांना आपोआप कळेल.
शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. नखं कायमची निळी. सुरुवातीलाच म्हणाल्या, इथे घाईला जागा नाही आणि हुशारीला तर मुळीच नाही. बहुधा वर्गातल्या एका दाताच्या डॉक्टरांना उद्देशून. ते दोन पेनं आणि मोजपट्टी घेऊन आलेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
घरी जाहीर केलं. लेक अठ्ठावीस फेब्रुवारीला नोकरीसाठी दूरच्या गावी जाणार. तिकडे थंडी फार. हिने तिच्यासाठी पांढऱ्या लोकरीची शाल विणायला घेतली आहे, त्याला वर्ष होऊन गेलं. लेकीला ती डाळिंबी रंगात हवी. ही दुकानात रंगवायला देणार होती. मी म्हटलं, माझ्याकडे दे. लेक म्हणाली, बाबा, नक्की ना? म्हटलं, नक्की. हिच्या सुया जरा जोरात वाजल्या.

१० जानेवारी, रविवार
कांद्याच्या सालांचा रंग, सुती रुमालावर. बाई म्हणाल्या, आधी तासभर सोड्यात उकळून कापडाची खळ काढा. माझा रुमाल कोरा करकरीत, स्वच्छ. त्याला कशाला तासभर? दहा मिनिटांत काढला. रंग मधूनमधून चढला, मधूनमधून नाही. आकाशात ढग असावेत तसा परिणाम. डॉक्टरांचा रुमाल एकसारखा सोनेरी. माणूस नीटनेटका आहे, पण कल्पनाशक्ती नाही.

१७ जानेवारी, रविवार
आज तुरटी. तुरटीच्या पाण्यात भिजवल्याशिवाय रंग धाग्याला धरत नाही. बाई म्हणाल्या, वजन करून घ्या. मी मुठीने घेतली. म्हटलं, आमच्या गावी तराजू कोण वापरायचं? बाई म्हणाल्या, तुमच्या गावी लोकर कोण रंगवायचं? कोणीच नाही. पण तसं बोललो नाही.

२४ जानेवारी, रविवार
आज किडे आले.
लाल रंग त्यांचा. कोचिनील म्हणतात. निवडुंगावर वाढतात. वाळवलेले, राखाडी, मिऱ्याहून बारीक. बाई सहज म्हणाल्या, शंभर ग्रॅममध्ये पंधरा हजार तरी असतील. पंधरा हजार! आमच्या अख्ख्या गावाची वस्ती याच्या निम्मीही नव्हती. विचारलं, यांना मारतात कसं? बाई म्हणाल्या, मेलेत ते, तुम्ही फक्त वाटा. डॉक्टर म्हणाले, साहेब, भूल देऊ का त्यांना? सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही. देवाने सगळ्यांना सगळंच दिलेलं नसतं.
संकल्प: वाटण्याआधी प्रत्येक किड्याची मनातल्या मनात क्षमा मागायची.

२७ जानेवारी, बुधवार
ऑफिसमध्ये फायलीत लक्ष लागेना. कोणाच्या तरी अंगावर रंग चढावा म्हणून दुसऱ्या कोणीतरी विरघळून जावं, ही केवढी गहन गोष्ट आहे. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, दूध उतू जातंय, गॅस बंद करा.

३१ जानेवारी, रविवार
प्रत्येक किड्याची क्षमा मागणं वेळेच्या दृष्टीने शक्य नाही असं लक्षात आलं. चिमटीला एकदा, असं ठरवलं. तरीही सगळ्यांचं वाटून झालं तेव्हा माझी आठवी चिमूट चालू होती. शिवाय फार जोर लावणं बरं वाटेना. बाईंनी खल पाहिला. म्हणाल्या, पीठ हवं, ही भरड आहे, यातून रंग सुटणार नाही. माझी लच्छी फिकट गुलाबी निघाली, डॉक्टरांची लालभडक. त्यांच्या रंगात हिंसा दिसते. माझ्यात सात्त्विकता आहे.

७ फेब्रुवारी, रविवार
वर्गाला गेलो नाही. पाठ धरली होती. अकराच्या सुमारास सुटली, पण मग एकदा नाही म्हटलं ते नाही.
दुपारी डॉक्टरांचा फोन. म्हणाले, आज लोकर कशी तापवायची ते झालं, महत्त्वाचं आहे, वहीचे फोटो पाठवू का? म्हटलं, नको, मला साधारण अंदाज आहे. त्यांना बरं वाटावं म्हणून पाठीबद्दल एक सल्ला विचारला. म्हणाले, मी दातांचा आहे.

१४ फेब्रुवारी, रविवार
बाईंना शालीचं सांगितलं. म्हणाल्या, इथे घेऊन या, माझ्यासमोर करा. हो म्हणालो. परतताना विचार केला, असं काम आपल्या घरी, शांत चित्ताने व्हावं. बाईंसमोर माझे हात उगाच बावरतात. बाईंच्याच ओळखीने किडे मात्र घेतले.

१८ फेब्रुवारी, गुरुवार
हिने शेवटची गाठ मारली. कडेला पानांची नक्षी आहे. एक पान चुकलं म्हणून डिसेंबरात तिने वीतभर उसवलं होतं, ते आज कळलं. या शालीपायी चष्म्याचा नंबरही वाढला. स्वच्छ चादरीत गुंडाळून शाल माझ्या हातात दिली. म्हणाली, चौदा महिने झाले हो. म्हटलं, निश्चिंत राहा.

२० फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ६
ही आणि लेक खरेदीला जाणार, संध्याकाळी येणार. स्नान, प्रार्थना. मन प्रसन्न. माळ्यावरून जुनं लोखंडी पातेलं काढलं. वर्गात बाई स्टीलचं वापरतात. पण परंपरा म्हटलं की लोखंड.

१०.३०
तुरटीत रात्रभर भिजवलेली शाल पिळून ठेवली. किडे वाटले. चिमटीला एकदा क्षमा. हात दुखून आला, म्हणून भरडच ठेवले.

११.४०
शाल पाण्यात जाऊन पाऊण तास झाला. गुलाबी.

१२.१०
गुलाबीच. भरड असल्याने रंग सुटत नसावा. आच वाढवली.

१२.४०
खळखळून उकळतंय. काठीने चांगलं घुसळलं. रंग गडद होतोय! देवाचे आभार मानले.

१.२०
डाळिंबी म्हणता येणार नाही. जांभळट करडा. वाळल्यावर खुलेल. रंग पक्का बसावा म्हणून गरम गरम काढून थेट गार नळाखाली धरली.

१.३५
शाल लहान वाटते. ओली आहे म्हणून असेल.

५.१५
वाळली. आधी माझ्या खांद्यांवरून गुडघ्यांपर्यंत यायची. आता माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. जाड, घट्ट. टेबलावर उभी केली तर उभी राहते. रंग पावसात भिजलेल्या पाटीचा.
हिला सांगितलं, अजून वाळायची आहे.

२१ फेब्रुवारी, रविवार
पिशवीतून बाईंकडे नेली. बाईंनी हातात घेतली. विचारलं, पातेलं कशाचं? लोखंडाचं. उकळलंत? हो. घुसळलंत? हो. मग गार पाणी? हो. म्हणाल्या, लोकर दाबून करतात तसा नमदा उत्तम झालाय. लोखंडाने लाल रंग काळवंडतो, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. विचारलं, परत पहिल्यासारखी होईल का? म्हणाल्या, रंगाचं काही करता आलं असतं, लोकर एकदा एकमेकींत गुंतली की सुटत नाही. मग कडेच्या पानांवरून बोट फिरवत विचारलं, विणली कोणी? म्हटलं, हिने. बाईंनी शाल परत पिशवीत ठेवली. डॉक्टरांनीसुद्धा विनोद केला नाही. ते फार लागलं.
शाल कपाटात माझ्या जुन्या फायलींमागे ठेवली.

२३ फेब्रुवारी, मंगळवार
हिने विचारलं, शाल कुठे आहे? म्हटलं, शेवटचा हात फिरवायला बाईंकडे आहे. खोटं नव्हे अगदी. बाईंनी हात फिरवला होता.
ऑफिस सुटल्यावर चार दुकानं फिरलो. लाल शाली भरपूर. तशी पानं कशावरच नाहीत. रिकाम्या हाताने परत.

२५ फेब्रुवारी, गुरुवार
हिला सगळं सांगायचं ठरवलं. पण तिचं डोकं दुखत होतं. आजारी माणसाला त्रास देऊ नये.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार
डोकं थांबलं होतं. चांगली हसत होती. हसणाऱ्या माणसाचा मूड घालवू नये. उद्या नक्की.

२७ फेब्रुवारी, शनिवार
लेक सामान भरत होती. तिचं कसलंसं प्रमाणपत्र मिळेना, म्हणून दोघींनी माझ्या फायली काढल्या. मी बाहेर पेपर वाचत होतो. आत बोलणं एकदम थांबलं.
गेलो तेव्हा हिच्या मांडीवर ते होतं. पानांवरून तिने ओळखलं असावं. बोटांनी टाके शोधत होती. टाके आता लागत नाहीत.
मी सगळं सांगितलं. लोखंड, उकळी, गार पाणी. क्षमेमुळे वाटण भरड राहिलं, हेही. मला वाटलं, ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, कधी झालं हे? म्हटलं, गेल्या शनिवारी. म्हणाली, अहो, आठवडा होता हातात. त्याच दिवशी सांगितलं असतंत तर एक मफलर तरी झाला असता हो. पोरगी मोकळ्या गळ्याने चाललीय.
एवढ्या किड्यांची क्षमा मागितली. हिची मागायला तोंड उघडेना.

२८ फेब्रुवारी, रविवार
शेवटचा वर्ग होता. गेलो नाही.
निघताना लेकीने त्या जाड तुकड्यात लॅपटॉप गुंडाळून पाहिला. बरोबर बसला. म्हणाली, बाबा, मापात केलंत की, याला तरी थंडी वाजणार नाही. ती हसली म्हणून मीही हसलो. स्टेशनवर वारा होता. ती जॅकेटची कॉलर वर करून खिडकीशी बसली आणि गाडी नजरेआड होईतो ही तिच्या गळ्याकडेच बघत होती.
परतीच्या वाटेवर ही एका दुकानात शिरली. लोकर घेतली. रंगीत. डाळिंबी. मी म्हटलं, हा रंग रासायनिक असतो. तिने पाहिलं. मी पिशवी धरली.
घरी आल्यावर तिने मला समोर बसवलं, माझ्या दोन्ही हातांवर लोकरीची लच्छी चढवली आणि गुंडा करायला लागली. म्हणाली, आता हात हलवू नका.
पाऊण तास बसलो होतो. नाही हलवले.